सी ड्राइव्ह फुल दाखवतो, पण सगळे फोल्डर मोजले तर निम्मेच भरतात. बाकीची जागा कुठे गेली? फॉर्मॅट मारू का?

फॉर्मॅट मारू नका. तुमचा बाकीचा प्रश्न मी नंतर वाचला, आधी हा शब्द दिसला म्हणून लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय की २३८ जीबीच्या ड्राइव्हवर फोल्डरांची बेरीज १३० जीबीच्या आसपास येते, आणि दुकानदार म्हणतो, "विंडोज जड झाली, फॉर्मॅट करा." विंडोज जड झाली म्हणजे काय, हे त्याला विचारा. उत्तर येणार नाही. १०० जीबी हवेत जात नाहीत. त्या फायली डिस्कवरच आहेत, फक्त तुम्ही ज्या खिडकीतून बघताय तिथून त्या दिसत नाहीत.

मी नागपूरला गांधीबागेत आमच्या घरच्या कापडाच्या दुकानात हिशेब बघते. मे २०२४ मध्ये, १८ तारखेला, दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हाउचर सेव्ह होईना. सी ड्राइव्हची पट्टी लाल, मोकळी जागा ३१० एमबी. २० तारखेला जीएसटीचं ३-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, कूलरमध्ये पाणी ओतायला माणूस नाही, आणि मोठे दीर, म्हणजे भाऊजी, सीताबर्डीहून एका कॉम्प्युटरवाल्याला घेऊन आले. त्याने खुर्चीवर न बसता, उभ्याउभ्या माउस हलवला आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारून देतो, अर्ध्या तासात मोकळं. नाहीतर १ टीबीची एसएसडी टाकून घ्या." भाऊजी मला म्हणाले, "मारू दे ना त्याला, तू काऊन डोकं लावून राहिली?"

मी नाही म्हटलं, कारण २०१६ मध्ये माझ्या माहेरी हेच झालं होतं. बाबा उमरेडला मराठीचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आजीला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या. झाडीबोलीतल्या, चारशेच्या वर. आजी सांगायची, बाबा दोन बोटांनी टाइप करायचे, एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारायचे. कागदावर काही नव्हतं. फाइल डेस्कटॉपवर. कॉम्प्युटर भरला, एक मुलगा आला, म्हणाला, "काका, चिंता नका करू, डी ड्राइव्हला हात लावत नाही." आणि त्याने सी ड्राइव्ह फॉर्मॅट केला, म्हणजे पुसून टाकला. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे फोल्डर सी ड्राइव्हवरच, यूझर्स नावाच्या फोल्डरच्या पोटात असतात. हे बाबांना माहीत नव्हतं आणि त्या मुलाने सांगितलं नाही. नंतर रिकव्हरी करून पाहिली, एकही फाइल वाचण्यासारखी आली नाही. तोवर आजी गेली होती. बाबांनी पुन्हा कीबोर्डला हात लावला नाही.

म्हणून त्या दिवशी मी कॉम्प्युटरवाल्याला चहा पाजून परत पाठवलं आणि स्वतः बसले.

आधी तुमच्यासारखीच बेरीज केली. सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज: १२४ जीबी. म्हणजे ११३ जीबीचा पत्ता नाही. मग विझट्री हा डिस्कवरची जागा कुठे गेली ते दाखवणारा प्रोग्रॅम उतरवला आणि 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून, म्हणजे सगळे अधिकार देऊन, चालवला. सगळं इंगित या 'अॅडमिनिस्ट्रेटर'मध्ये आहे. साधी फोल्डर-खिडकी ज्या फोल्डरमध्ये तुम्हाला परवानगी नाही तो मोजतच नाही. आणि मोजला नाही, असं सांगतही नाही. विझट्री फोल्डर उघडत बसत नाही, डिस्कवर फायलींची जी मूळ यादी असते, एमएफटी, ती थेट वाचतं. त्यामुळे मिनिटभरात पूर्ण चित्र समोर येतं.

चित्र म्हणजे खरंच चित्र. लहानमोठे रंगीत चौकोन, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. ही युक्ती १९९० सालची, अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले बेन श्नायडरमन यांची. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क १४ जण मिळून वापरायचे आणि ती सारखी भरायची. कोणी किती जागा खाल्ली हे बघायला त्यांनी असा नकाशा काढला. एकच डिस्क, वापरणारे अनेक. आमच्या दुकानाचीही तीच गत होती.

कारण यूझर्समध्ये दुसऱ्या नावाचा फोल्डर निघाला, ९१ जीबीचा. भाऊजींचं लॉगिन. त्यात अॅपडेटा, रोमिंग, अॅपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप. आत लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाचे तीन फोल्डर, मिळून ८६ जीबी. भाऊजींनी आजवर वापरलेल्या तीन आयफोनांचे बॅकअप. फोन कॉम्प्युटरला लावायचे, बॅकअप घ्यायचे, फोन बदलायचे. जुना बॅकअप तिथेच.

उरलेलं सरळ होतं. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपलेल्या फोल्डरमध्ये ११ जीबी, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, विंडोज बिघडली तर मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेला साठा. पेजफाइल ८, हायबरफिल ३, या विंडोजच्या स्वतःच्या लपलेल्या फायली. बेरीज जुळली.

आता मी तिथेच ८६ जीबी डिलीट करून मोकळी होऊ शकत होते. पण ज्याचं आहे त्याला विचारायचं, हा माझा नियम. संध्याकाळी भाऊजींना तारखा वाचून दाखवल्या. मधल्या फोल्डरची तारीख ऐकून ते गप्प झाले. त्यांचं घर अंबाझरी लेआउटला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा घरात कमरेइतकं पाणी शिरलं, आणि तो फोन त्या पाण्यात गेला. बॅकअप त्याच्या आदल्या महिन्यातला होता.

पासवर्ड लावलेला नव्हता. पुतण्याच्या जुन्या फोनवर रिस्टोअर केला. त्यात सासूबाईंच्या शेवटच्या महालक्ष्म्या निघाल्या. एक व्हिडिओ आहे, दीड मिनिटाचा. त्या पाटावर बसून पुरणाचे दिवे करताहेत, अंगठ्याने कड दाबताहेत आणि आंबिलीत ताक कमी पडलं म्हणून मला ओरडताहेत. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही.

तिन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर दोनदा कॉपी केले, मग अॅपलच्या आयट्यून्स प्रोग्रॅममधून जुने दोन बॅकअप काढले. ३-बी वेळेत गेलं.

तर तुम्ही आधी बघा की लॅपटॉपवर आणखी कोणाचं लॉगिन आहे का. प्रत्येक लॉगिनचा रिसायकल बिनही वेगळा असतो, तुमचा रिकामा केला तरी दुसऱ्याचा भरलेला राहतो. एकच लॉगिन असेल तर रिस्टोअर पॉइंट बघा, विंडोजच्या सिस्टम प्रोटेक्शन सेटिंगमध्ये त्याची मर्यादा कमी करता येते. 'क्लीनर' नावाचं काहीही उतरवू नका. मोठी डिस्क घेऊन काही होत नाही, दोन वर्षांनी तीही भरते.

विनएसएक्सएस हा विंडोजचा स्वतःचा फोल्डर मोठा दिसला तर घाबरू नका आणि हातही लावू नका. त्यातल्या बऱ्याच फायली विंडोजच्या दुसऱ्या फोल्डरांतही त्याच असतात, दोन्हीकडे मोजल्या जातात म्हणून आकडा फुगतो. विंडोज डॉट ओल्ड फोल्डर दिसला तर तो मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुनी विंडोज, साधारण १० दिवसांत आपोआप जातो. २५६ ची डिस्क २३८ दिसते तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक, ती जागा हरवलेली नाही.

आणि हो, डिस्क आवाज करत असेल किंवा फायली उघडताना अडकत असतील तर हे काहीच करू नका, आधी सगळं बाहेर कॉपी करा. व्हायरसने विंडोज खरंच बिघडली असेल तर फॉर्मॅट करावं लागतं, ते मी नाकारत नाही. पण डेस्कटॉप बाहेर काढून झाल्यावर.

भाऊजी अजून म्हणतात की त्या कॉम्प्युटरवाल्याने फॉर्मॅट करण्याआधी विचारलंच असतं. मी शेजारी उभी होते. पेनड्राइव्ह त्याने लावलाही होता, आणि त्याने काहीही विचारलं नव्हतं.