वाचकांचे प्रश्न : बाळंतिणीच्या खोलीतले देव

प्रश्न : इजिप्त म्हटले की रा, ओसायरिस, इसिस आणि असीरिया म्हटले की अश्शुर, इश्तार एवढीच नावे वाचायला मिळतात. सामान्य माणसाच्या घरात कोणाला स्थान होते? आपल्या सटवाईसारखी, बाळाच्या जन्माशी निगडित देवता तिकडे होती का? — एक वाचक, सांगली

उत्तर : होती, आणि एकच नव्हे. इजिप्तमधल्या थोरल्या देवांच्या मूर्तीपुढे उभे राहण्याचा अधिकार पुरोहितांचा असे. सामान्य माणसाला गाभाऱ्यापर्यंत जाताच येत नसे. साहजिकच घरातल्या अडीअडचणींसाठी त्याचे देव निराळे होते. तावेरेत ही त्यांतली एक. तिचे शरीर गर्भार पाणघोडीचे, पंजे सिंहाचे आणि पाठ मगरीची. नाईलच्या काठी माणसाला ज्यांची धास्ती वाटे, तेच प्राणी गर्भवतीच्या राखणीला बसवलेले दिसतात. तिचा सोबती बेस हा बुटका, फेंगड्या पायांचा आणि जीभ बाहेर काढलेला. इजिप्शियन चित्रांत देवांचे चेहरे बहुधा एका बाजूने दाखवलेले असतात. हा मात्र थेट समोर बघतो. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदिना या वस्तीत घरांच्या पुढच्या खोलीतील भिंतींवर त्याची चित्रे सापडली आहेत. पलंगाचे पाय, लाकडी उशा, आरशांच्या मुठी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवरही तो दिसतो.

सटवाईच्या अगदी जवळ जाणारी देवता म्हणजे मेस्खेनेत. (दोहोंत ऐतिहासिक नाते मात्र काही नाही.) इजिप्तमधल्या स्त्रिया विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत, आणि मेस्खेनेत ही त्या विटांचीच देवता. अबिडोस येथे २००१ साली अशी एक रंगवलेली वीट उत्खननात मिळाली. तिच्यावर नुकत्याच जन्मलेल्या मुलाला हातांवर घेतलेली आई आहे. बर्लिनमध्ये जतन केलेल्या एका पपायरसवर रुद्देदेत नावाच्या स्त्रीला तिळे होतात, ती कथा आली आहे. इसिस, नेफ्थिस, मेस्खेनेत आणि बेडकीच्या रूपातली हेकेत या चौघी नाचणाऱ्या बायकांच्या वेशात येतात, आणि ख्नुम देव त्यांचे सामान वाहतो. प्रत्येक बाळ जन्मले की मेस्खेनेत पुढे होऊन ‘हा राजा होईल’ असे भाकीत करते. जाताना या देवता तीन राजमुकुट गुपचूप जवाच्या पोत्यात लपवून ठेवतात. माझ्या मते साऱ्या इजिप्शियन वाङ्मयात देव इतके घरगुती क्वचितच झाले असतील.

प्रश्न : एका गाजलेल्या परदेशी भयपटामुळे पझुझु हे नाव ऐकले. तो देव की राक्षस? असीरियन लोक त्याची पूजा करीत का? — एक वाचक, पणजी

उत्तर : राक्षसच, पण चांगल्या कामाला जुंपलेला. भयपटाने त्याची निम्मीच गोष्ट सांगितली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याची सुमारे १५ सेंटीमीटर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे. तिला चार पंख, पक्ष्याचे पाय आणि विंचवाची नांगी असून, पंखांच्या मागच्या बाजूस कोरलेल्या लेखात तो आपण हनपूचा मुलगा आणि दुष्ट वायुभूतांचा राजा असल्याचे सांगतो. डोक्यावर कडी आहे, म्हणजे ही मूर्ती टांगण्याची. त्याची देवळे बांधली जात नसत; इ.स.पू. पहिल्या सहस्रकात असीरिया आणि बॅबिलोनियात त्याच्या मुंडक्याचे ताईत मात्र सर्रास वापरात होते.

हे कशासाठी, तर लामाश्तूसाठी. ही साक्षात आकाशदेव अनूची मुलगी. ती गर्भ पाडते, तान्ही बाळे पळवते, अशी लोकांची समजूत होती, आणि तिला पिटाळून लावण्याची ताकद पझुझुमध्ये होती. लूव्रमधल्याच तळहाताएवढ्या एका ब्राँझपट्टीवर हा सारा विधी कोरलेला आहे. पट्टीच्या वरच्या कडेवरून पझुझु डोकावतो. मधल्या ओळीत रोगी खाटेवर पडला असून त्याच्या दोन्ही बाजूंना माशाचे कातडे पांघरलेल्या आकृती उभ्या आहेत. तळाशी सिंहमुखी लामाश्तू आपल्या स्तनांशी कुत्र्याचे आणि डुकराचे पिल्लू धरून गाढवावर गुडघा टेकून आहे. गाढव होडीत आहे आणि होडी नदीत. मागे उभा असलेला पझुझु तिला पुढे ढकलतो आहे. तिने पुन्हा फिरकू नये म्हणून तिला द्यायच्या कंगवा, चाती अशा वस्तूही तिथेच शेजारी कोरून ठेवल्या आहेत.