नाटक बंद होतंय, निरोप कसा घ्यायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी एका व्यावसायिक नाटकाचा कपडेपट सांभाळते. चार-पाच वर्षं नाटक मस्त चाललं, आता मेन हिरोला सिरीयल मिळाली, तारखा जुळेनात, म्हणून पुढच्या महिन्यात दादरला शिवाजी मंदिरला शेवटचा प्रयोग. कोकण, विदर्भ, सगळे दौरे एकाच बसमधून केलेत, आई दवाखान्यात होती तेव्हा आमचे लाइटवाले दादा रात्रभर माझ्यासोबत बसले होते. नातेवाइकांपेक्षा ही माणसं जवळची झालीत आणि आता एकदम सगळे पांगणार. निर्माते एवढंच म्हणाले की प्रयोगानंतर जेवण आहे. मला भाषण-बिषण जमत नाही, काय करू? आणि नाटकातली एक साडी आठवण म्हणून ठेवावीशी वाटते, मागू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी मॅनेजरना विचारून घ्या की शेवटचा म्हणजे खरंच शेवटचा ना, कारण आपल्याकडे ‘शेवटचे ५ प्रयोग’ अशी जाहिरात येते आणि मग लोकाग्रहास्तव गाडी पुढे चालूच राहते :)

खरंच असेल तर त्या रात्रीवर फार भिस्त ठेवू नका. पडदा पडला की पाहुणे आत घुसणार, सेल्फी सुरू, तिकडे सेट उतरवून टेम्पोत भरायची घाई, आणि तुम्ही तर कपडे मोजून पेट्यांत भरत असणार, बोलणार कधी? त्यापेक्षा आधीच्या एखाद्या प्रयोगाला जाताना बसमध्ये बोला, नाहीतर मेकअप रूममध्ये गर्दी व्हायच्या आत. आणि एकेकट्याशी. ब्लॅकआउटमध्ये तुम्ही जिच्या ब्लाउजचे हूक लावता आणि ती तेवढ्यात पुढची वाक्यं पुटपुटत असते, तिला सांगा की तुझा तो चेंज करताना मला दरवेळी धाकधूक व्हायची. लाइटवाल्या दादांना त्या रात्रीबद्दल सांगा, सरळ सांगा. ‘मिस यू ऑल’ लिहून हार्टचे इमोजी टाकायला काही लागत नाही हो, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुम्हाला एवढं जड का जातंय, तर ऑफिसात निदान निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, रिलीव्हिंग लेटर मिळतं. नाटकात पैसे नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे, प्रयोग संपले की नातंच संपलं असं कागदोपत्री. पूर्वी नाटक कंपनी म्हणजे अख्खं बिऱ्हाडच असायचं, एकत्र राहणं एकत्र जेवणं, तरी तिथूनही माणसं बाहेर पडलीच, १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली, पुढे टेंबे त्यातूनही निघाले. तेव्हा पांगणं हे या धंद्यातच आहे, तुमच्या ग्रुपचा प्रेमभाव कमी पडला असं काही नाही.

‘दर महिन्याला भेटायचंच’ असली वचनं मात्र देऊ नका, दोनदा भेट होते आणि तिसऱ्यांदा कुणालातरी शूटिंग निघतं, मग उगाच एकमेकांवर रुसवे. अख्खा ग्रुप टिकत नाही, दोन-तीन माणसं टिकतात, ती कोण हे तुम्हाला आत्ताच माहीत असेल. त्यांना घरी जेवायला बोलवा, बास.

साडी निर्मात्यांना विचारूनच घ्या, कपडेपट त्यांच्या मालकीचा आणि नाटक पुन्हा उभं राहिलं तर पहिली शोधाशोध त्या साडीची होणार. आणि हो, अमुक तारखेपासून मी मोकळी आहे हे सगळ्यांना आवर्जून सांगून ठेवा, लाजू नका, आपल्याकडे कामं अशीच तोंडी फिरतात, दादा पुढच्या महिन्यात त्याच शिवाजी मंदिरात दुसऱ्या नाटकाचे लाइट लावत असतील आणि तिथेही कपडेपटाला कुणीतरी लागणारच. राहिलेल्या नाईटचे पैसे जेवणाच्या आधी मागा, जेवण झाल्यावर मॅनेजर सापडत नाहीत.