एपिटोम की इपिटमी?

प्रश्न असा आहे : स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने epitome या इंग्रजी शब्दाचा 'एपिटोम' असा उच्चार केला, तेव्हा क्लासमधल्या सरांनी 'इपिटमी' असं सुधारलं. बरोबर कोण? आणि या शब्दाचा अर्थ 'कळस' असा घेतला तर चालेल का?

सर बरोबर आहेत. शब्द मूळचा ग्रीक. तिथे त्याच्या शेवटचा स्वर चांगला दीर्घ होता, आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत आल्यावरही तो गळाला नाही. पण 'होम', 'टाइम', 'नेम' गिरवून आपल्याला शेवटचा ई मुका धरायची सवय लागलेली असते, ती इथे नडते. 'कटॅस्ट्रफी' आणि 'अपॉस्ट्रफी' याच घराण्यातले, पण ते आपण बिनचूक म्हणतो, कारण ते वाचण्याआधी कानावर पडलेले असतात. 'हायपर्बली' म्हणजे अतिशयोक्ती. तिचं मात्र सर्रास 'हायपरबोल' होतं.

आता देवनागरीची एक गंमत. मी वर 'इपिटमी' लिहिलं खरं, पण मराठी माणूस ते 'इपिट्मी' वाचणार. आपण 'बातमी' लिहितो आणि 'बात्मी' म्हणतो, तसंच. इंग्रजीत मात्र चारही अक्षरं ऐकू येतात : इ-पि-ट-मी. त्यातला 'ट' अगदी हलका, आणि जोर 'पि'वर. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणत जातो. शब्दकोशातल्या उच्चारात एक बारीक उभी रेघ दिसते, ती आघाताची खूण. बहुतेक कोशांत ती जोराच्या अक्षराच्या आधी असते, काही अमेरिकन कोशांत नंतर. म्हणून कोशाच्या सुरुवातीची उच्चारांची किल्ली एकदा पाहून घ्यावी. वर आलेल्या चारही ग्रीक शब्दांत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे.

अर्थाकडे येऊ. मूळ ग्रीक क्रियापद कापण्याचं आहे. कापून छोटा केलेला ग्रंथ, म्हणजे संक्षेप, हा या शब्दाचा जुना अर्थ. रोमन इतिहासकार लिव्हीच्या १४२ खंडांपैकी आज ३५च हाती आहेत; उरलेल्यांत काय होतं ते मुख्यतः अशा संक्षेपांवरून कळतं. ज्याच्यात अख्ख्या गोष्टीचं सार उतरलं आहे ते उदाहरण, हा आजचा अर्थ त्यातूनच आला. मराठीत त्याला 'मूर्तिमंत' जवळचा. मुंबईत चर्चगेटचं इरॉस चित्रपटगृह हे आर्ट डेको या वास्तुशैलीचं 'इपिटमी' म्हटलं, तर ती शैली त्या इमारतीत पुरेपूर दिसते एवढंच म्हणायचं असतं. तिच्यापेक्षा सरस इमारत नाही, असा दावा त्यात नाही.

म्हणून 'कळस' नको. 'मूर्खपणाचा कळस' याला इंग्रजीत 'हाइट' शब्द आहे, आणि यशाच्या शिखराला 'पिनॅकल'. वर्तमानपत्री इंग्रजीत 'करिअरचं इपिटमी' गाठलेले खेळाडू भेटतात, पण परीक्षेत तो मोह टाळलेला बरा.

शेवटचा ई नेहमीच उच्चारायचा, असा नियम मात्र करू नका. 'टेलिफोन', 'मायक्रोस्कोप' हे ग्रीक तुकडे जोडून नव्या काळात घडवलेले शब्द. त्यांत तो मुकाच. उलट 'रेसिपी' ग्रीक नसूनही ई राखून आहे : लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'घे', आणि वैद्य औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात त्याने करत. 'सिंड्रोम' तर पक्ष बदललेला शब्द. जुन्या इंग्रजी कोशांत त्याचा उच्चार तीन अक्षरी, 'सिन्-ड्र-मी' असा सापडतो. आज तसं म्हणालात तर डॉक्टरही पुन्हा विचारतील.