नावं जुळवणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. दिवसभर जुन्या हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद, काढायचे, लॅटिन नाव तपासायचं, त्यापुढे गावाकडचं नाव लिहायचं. हे कारकुनी काम, यात संशोधन कुठे आहे, असं तू विचारतेस. नवी जाती शोधणाऱ्यांचे फोटो छापून येतात, यादी करणाऱ्याला कोण विचारतं, असंही लिहिलंयस. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ इतो केइसुके यांची कीर्ती ज्या पुस्तकावर उभी आहे, ते मुळात एक यादीच आहे.

ते नागोयाचे, जन्म १८०३चा, घरात वैद्यकी. युरोपियनांपैकी फक्त डचांना तेव्हा जपानात थारा होता, तोही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या चिमुकल्या बेटावर. झाडांचा अभ्यास चाले तो मुख्यतः औषधासाठी, चिनी ग्रंथ पुढ्यात ठेवून. नागोयात मात्र मिझुतानी होबुन यांच्याभोवती जमलेली मंडळी नमुने घेऊन बसत आणि नावांवर खल करत. १८२६मध्ये डच वखारीचे डॉक्टर सिबोल्ड एदोला (आजचं तोक्यो) निघाले, तेव्हा वाटेत मिया इथल्या मुक्कामी होबुन आणि तेवीस वर्षांचे केइसुके त्यांना नमुने आणि चित्रं घेऊन भेटले. पुढच्या वर्षी केइसुके थेट नागासाकीला शिकायला गेले. परतताना सिबोल्डनी त्यांना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांचं ‘फ्लोरा यापोनिका’ दिलं.

हे पुस्तक १७८४चं. जपानच्याच झाडांवरचं, पण लॅटिनमध्ये, त्यामुळे ती झाडं रोज पाहणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पुस्तकातलं नाव आणि दारातलं झाड यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी होती. हे काम म्हणजे काय, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? वाळून चुरा होऊ पाहणारं फूल भिजवून उघडायचं, पुंकेसर मोजायचे, पानं समोरासमोर की एकाआड एक ते बघायचं, वर्णनाशी ताडायचं; आणि एवढं करून हाती येतं एक नाव. पुन्हा पुढची शीट. केइसुके यांनी ते तडीस नेलं आणि १८२९मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ‘ताइसेइ होंझो मेइसो’ छापलं: वर्णक्रमाने लॅटिन नावं, प्रत्येकापुढे जपानी नाव. शिवाय पुरवणीत स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने पाडलेले वनस्पतींचे चोवीस वर्ग चित्रांसह समजावले. त्याच वर्षी जपानचे बंदी असलेले नकाशे मिळवल्याच्या प्रकरणात सिबोल्डना जपानातून हद्दपार केलं गेलं, म्हणून गुरूचा उल्लेख टोपणनावाने करावा लागला. अशा वेळी पुस्तक मागे घेणं सोपं होतं. त्यांनी घेतलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे त्यांनी देवीच्या लसीचं काम केलं, म्हातारपणी तोक्योच्या कोइशिकावा उद्यानात वनस्पती अभ्यासल्या. १८८८मध्ये जपानात विज्ञानातली डॉक्टरेट पहिल्यांदाच दिली गेली, त्या मानकऱ्यांत पंच्याऐंशी वर्षांचे केइसुके होते. तुळशीच्या कुळातल्या एका प्रजातीला त्यांच्यावरून ‘केइस्केआ’ म्हणतात.

तेव्हा तुझ्या कामाला कमी लेखू नकोस. पण ते तितक्याच काटेकोरपणे कर. नमुना न पाहता नाव लिहू नकोस. गावाकडचं नाव कुणी सांगितलं, कुठल्या गावात, हे त्याच ओळीत नोंदव. एकच नाव दोन खोऱ्यांत दोन झाडांना असतं. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाक. रिकामी जागा चालते, अंदाजाने भरलेली जागा पुढच्या माणसाला वर्षानुवर्षं चकवते.

तू पाठवलेल्या यादीत सहाव्या आणि अकराव्या शीटवर ठिकाण म्हणून नुसतं ‘घाट’ लिहिलंय. गोळा करणाऱ्याची वही तुमच्या कपाटात असेल, तर तारखेवरून तो त्या दिवशी कुठे होता ते काढ आणि मला कळव.

तुझे,
सर