पहिला पीआर कुठे पाठवू, हा प्रश्नच मला खटकतो

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन बऱ्यापैकी येतं, प्लेसमेंटच्या आधी एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टमध्ये 'एक तरी पीआर मर्ज झालेला दिसला पाहिजे', तर सोपा प्रोजेक्ट कोणता? (पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपण केलेला बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती. तो घेतला की मर्ज झाला.) प्रोजेक्टचं नाव मी सांगणार नाही. पण अवतरणातलं ते वाक्य मी आधी एका माणसाच्या तोंडून ऐकलंय आणि ते मला आजही पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

वाईजवळच्या आमच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. तिथल्या पुस्तकांची यादी मी एका दिवाळीच्या सुट्टीत संगणकावर चढवून दिली. पैसे नव्हतेच, त्यामुळे सगळं ओपन सोर्स. पंधरा दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अरे, पुणे टाकलं की हे नुसतं पण-पण करतंय." मला वाटलं टाइप करताना चूक होत असेल. शनिवारी गावी जाऊन स्वतः पाहिलं. पुण्यावरची पुस्तकं हवी होती, आणि ज्यांच्या नावात किंवा माहितीत 'पण' आहे अशी सगळी पुस्तकं समोर आली. मराठीत 'पण' कुठे नसतो! 'तूप' टाकलं तर 'तप' आलं. 'मूल', 'मेल' आणि 'मैल' तिन्हींना एकच निकाल. 'काकी' मात्र व्यवस्थित सापडत होती.

काकी सापडते आणि तूप सापडत नाही, यातच उत्तर होतं, पण ते कळायला माझ्या तीन रात्री गेल्या. शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, एक छोटं फंक्शन होतं. फ्रेंच, जर्मन अक्षरांवरच्या खुणा काढून टाकायचं, म्हणजे वाचकाने खूण न देता शब्द टाइप केला तरी तो सापडावा. त्यासाठी ते मजकूर एनएफडी रूपात फोडायचं, म्हणजे अक्षर आणि त्यावरची खूण वेगळी करायचं, आणि युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने) 'एमएन' गटात टाकलेली प्रत्येक खूण उडवायचं. देवनागरीत वर-खाली लागणारे उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे 'एमएन'. काना, वेलांट्या आणि 'ओ'चा काना-मात्रा यांचा गट वेगळा, म्हणून ते वाचतात. 'पुणे'तला उकार गेला, मात्रा गेली, उरलं 'पण'. 'कुंकू'चं 'कक' होत होतं.

सगळ्यात वाईट होतं ते 'दर्या' आणि 'दऱ्या'. 'दऱ्या'मधला ऱ एनएफडीत फुटून र आणि नुक्ता (खालचं टिंब) होतो. नुक्ता गेला, हलन्त गेला, दोन्हींचं 'दरया' झालं. समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा एकच!

मी सहा ओळींचा पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, लिहिला: देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या युनिकोड क्रमांकांच्या पट्ट्याला हात लावू नका. मेंटेनरने, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याने, तो घेतला नाही. त्याचं म्हणणं, मग बंगालीने काय करायचं, तमिळने काय करायचं? आणि हिब्रू-अरबीत स्वरखुणा ऐच्छिक असतात, तिथे त्या काढलेल्याच बऱ्या. त्याने लिपीनुसार ठरवणारा वेगळाच कोड स्वतः लिहिला. माझ्याकडून मागितली फक्त शब्दांची यादी. मी, ग्रंथपाल बाई आणि माझी आई अशा तिघांनी बसून चाळीस जोड्या काढल्या, 'गूळ–गळ' आईची. त्या जशाच्या तशा टेस्टच्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या, फाइलमध्ये गेल्या. कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, माझं नाव 'रिपोर्टेड-बाय' (बग कळवणारा) या ओळीत आलं. तो कोड माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हाच मान्य केलं.

त्या वर्षीच्या अप्रेझलला मी हे सांगितलं. टीम लीड म्हणाले, "कोड त्याने लिहिला. मग तुझं काय त्यात? मर्ज झालेला पीआर दाखव."

माझं म्हणणं तेव्हा नीट मांडता आलं नाही, ते आता मांडतो. बग सापडणं, तो नेमका कशाने होतो हे दाखवणं आणि परत होऊ नये म्हणून टेस्ट देणं, हेच काम होतं. कोड कोणीतरी लिहिलाच असता. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे आहेत हे कोण सांगणार होतं? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कमिटमध्ये बग सांगणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे, ती उगाच नाही.

उलट आकडा मोजायला लागलं की काय होतं, तेही दिसलंच आहे. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला पीआर पाठवायचा उपक्रम. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) दोन शब्द बदलून पीआर टाकणाऱ्यांचा असा पूर आला की ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलून, ज्यांची तयारी आहे तेवढेच प्रोजेक्ट घ्यावे लागले. फुकट वेळ देणाऱ्या मेंटेनरचा शनिवार-रविवार त्यात गेला. त्यात आपल्याकडची मुलं खूप होती, याची मला लाज वाटते.

तर तुम्ही रोज जे वापरता तिथून सुरुवात करा. त्यात मराठीत शोधा, मराठीत क्रमवारी लावा, ळ आणि क्ष कुठे जातात ते पाहा. गडबड दिसली की आधी प्रोजेक्टचे जुने इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, वाचा, मग चार ओळींत लिहा: काय टाकलं, काय आलं, काय यायला हवं होतं. प्रोजेक्टच्या टेस्ट स्वतःच्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय पॅच पाठवू नका. पायथन बऱ्यापैकी येतंय ना, पुरे.

हेही खरं की कॅम्पसला येणारे काही लोक मर्ज झालेलेच पीआर मोजतात आणि तुम्हाला नोकरी हवी आहे. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्समध्ये काम करायचा कार्यक्रम बघा, २००५ पासून चालू आहे आणि पैसेही मिळतात. मेंटेनर महिना-महिना उत्तर देत नाहीत, तेही धरून चाला. आणि पुढे नोकरी लागली की बाहेर कोड देण्याआधी करारपत्र वाचा. काही कंपन्या घरी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात.

एखादा शब्द चुकीचा सापडला तर इथेच खाली लिहा. इश्यू पाठवण्याआधी मी वाचून देईन.