व्हिज्युअल की ऑडिटरी, यात अडकू नकोस

अरे, एमपीएससी कंबाईन परीक्षेची तयारी करतोयस ना, मग स्वतःची लर्निंग स्टाईल, म्हणजे आपण बघून जास्त शिकतो (व्हिज्युअल) की ऐकून (ऑडिटरी), ते शोधत बसू नकोस. 2008 मध्ये पॅशलर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, स्टाईलप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. विषय काय मागतो ते बघ, भूगोल नकाशा समोर ठेवून, व्याकरण प्रश्न सोडवून. आणि धडा वाचला की पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढ, मग उघडून राहिलेलं बघ, दोन-तीन दिवसांनी परत तेच, सुरुवातीला काहीच आठवत नाही असं वाटेल पण सोडू नकोस, रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात आठवड्याने नुसतं परत वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात होतं. रूममेटला समजावून सांगायचं पण बघ.