दोर कुठे घासतोय ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न : शिडाच्या बोटी

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र पाच वर्षं दर शनिवार-रविवार क्लबच्या शर्यतींत उतरतो. आता 1990 च्या सुमारास बांधलेली एक 36 फुटी बोट घेतली आहे आणि पुढच्या वर्षी कॅनरी बेटांवरून अटलांटिक पार करायचा विचार आहे. खरेदीची यादी केली आहे : वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), रडार, सॅटेलाइट फोन, नवं स्पिनेकर (मागच्या वाऱ्यावरचं मोठं फुगीर शीड). पैसे आधी कशात घालावेत? आणि शर्यतींचा अनुभव पुरेसा आहे का?

उत्तर : पाच वर्षांच्या शर्यतींनी तुम्हाला जे दिलंय ते थोडं नाही. वारा फिरला की शीट (शीड आवळायचा-सोडायचा दोर) किती सोडायची हे हाताला कळतं, विंचचं (दोर ओढायच्या फिरत्या यंत्राचं) हँडल न बघता सापडतं, चौघांना एकमेकांच्या हाका समजतात. नवख्या क्रूला एवढं यायला माझे दोन मोसम जातात. पण शनिवारच्या शर्यतीत काही मोडलं तर संध्याकाळी आपण धक्क्यावर असतो. अटलांटिकमध्ये दहाव्या दिवशी मोडलेली वस्तू उरलेला सगळा प्रवास आपल्याबरोबरच करते. तुमच्या यादीत मला एकच गोष्ट खटकली. त्यात घ्यायचं पुष्कळ आहे, तपासायचं काहीच नाही.

सुरुवात डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांपासून करा. त्या किती जुन्या आहेत ते आधीच्या मालकाला विचारा. दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील किंवा कोणाला सांगताच येत नसेल, तर सगळ्या बदला. पहिला मोठा खर्च हाच. तोवर कापसाचा एक बोळा घेऊन प्रत्येक तारेवरून फिरवा. तुटलेला पदर डोळ्याला दिसत नाही, कापूस मात्र तिथे बरोबर अडकतो. (उघडं बोट फिरवू नका, चर्रकन कापतं.) तार टर्मिनलमध्ये शिरते तिथली बोटभर जागा भिंगाखाली बघा. गंजाचा तपकिरी ओघळ किंवा केसाएवढी चीर दिसली तर त्या तारेवर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही.

मग बोट पाण्याबाहेर काढा आणि कीलचा (बोटीच्या तळाला जोडलेल्या जड पात्याचा) सांधा जाणकाराला दाखवा. बोट पूर्वी कधी तळाला आपटली होती का, आणि आपटली असेल तर दुरुस्ती कशी झाली, हे खोदून खोदून विचारा. 2014 मध्ये ‘चीकी राफिकी’ ही 40 फुटी बोट कॅरिबियनमधल्या शर्यतींनंतर अटलांटिकमधून परतत असताना कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. आधीच्या आपटण्यांनी आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी सांधा कमजोर झाला असावा, असं चौकशीत पुढे आलं. त्या चौघांची आठवण ठेवून हे काम करा. जुन्या बोटीचं हे एक काम मी कधीच पुढे ढकलू देत नाही.

तारा आणि कील झाली की येतात दोर. मी पहिल्यांदा अटलांटिक पार केला तेव्हा सहाव्या रात्री, माझ्याच पाळीत, स्पिनेकर एकाएकी समोरून नाहीसं झालं. मोठा आवाज नाही, नुसती फडफड, आणि मग बोट जागच्या जागी थांबल्यासारखी. शीड नाळेखालून (बोटीच्या पुढच्या टोकाखालून) जाऊन कीलला गुंडाळलं होतं. टॉर्चच्या उजेडात ते वर ओढून घ्यायला तिघांना दीड तास लागला. सकाळी हॅलियार्डचं (शीड वर चढवणाऱ्या दोराचं) तुटकं टोक हातात घेतलं. वरचं आवरण गोल कापलेलं, आतला गाभा ओल्या केसांसारखा पिंजारलेला. सहा दिवस तो दोर डोलकाठीच्या माथ्यावरच्या चाकावर एकाच ठिकाणी टेकून होता. प्रत्येक लाटेला जरासा पुढे, जरासा मागे. चार तासांच्या शर्यतीत एवढी घासणी कधी होतच नाही, म्हणून ती बघायची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

तेव्हापासून माझ्या बोटीवर रोज सकाळी एकजण नाळेपासून मागपर्यंत फेरी मारतो आणि ताणावरचा प्रत्येक दोर वीतभर सोडतो किंवा ओढतो, म्हणजे चाकावर दोराची नवी जागा येते. फेरीत एखादी पिन किंवा नट डेकवर पडलेला दिसला तर तो कुठून निसटला हे सापडेपर्यंत दुसरं काम नाही.

आता वॉटरमेकर. हिशोब करून बघा. तुमच्या बोटीची पाण्यावरची लांबी 30 फुटांच्या आसपास असेल. तिचं वर्गमूळ साधारण 5.5, त्याला 1.34 ने गुणलं की 7.3 नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), ही वेगाची साधारण वरची मर्यादा. दिवसरात्रीची सरासरी 5.5 नॉट धरा, म्हणजे 24 तासांत 130 मैलांच्या आसपास. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधलं सेंट लुसिया सुमारे 2,700 सागरी मैल आहे. 1990 पासून दर वर्षी हौशी बोटींचा मोठा ताफा याच वाटेने जातो. तुम्हाला तीन आठवडे लागतील. चौघांना माणशी रोज 3 लिटर म्हणजे 252 लिटर. त्यात निम्मं वाढवलं की 380 च्या घरात. एवढं पाणी दोन वेगळ्या टाक्यांत आणि काही कॅनमध्ये मावतं. एका टाकीत खारं पाणी शिरलं तरी बाकीचं शाबूत राहतं. वॉटरमेकर पुढच्या प्रवासासाठी ठेवा. रडार आणि स्पिनेकरही थांबू शकतात. 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब बीकन (संकटात उपग्रहामार्फत इशारा देणारा), एआयएस (आसपासच्या जहाजांना एकमेकांची जागा दाखवणारं यंत्र), मुदतीत तपासलेला लाइफराफ्ट (फुगणारा तराफा) आणि प्रत्येक सीकॉकशेजारी (तळातल्या पाण्याच्या झडपेशेजारी) दोरीने बांधलेली लाकडी खुंटी, यांच्याशिवाय मात्र निघू नका.

शर्यतीची एक सवय मोडावी लागेल. आपण शीड कमी करायला, म्हणजे रीफ घ्यायला, शेवटपर्यंत नाखूश असतो, कारण शेजारची बोट अजून पूर्ण शिडावर असते. समुद्रात शेजारी कोणी नाही. वारा 10 वरून 20 नॉट झाला की शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ‘रीफ घ्यावा का?’ असं मनात आलं की त्याच वेळी घ्या. माझ्याकडे सूर्यास्ताला एक रीफ घेतलाच जातो, हवा कितीही शांत असो. रात्रभरात काही मैल कमी पडतात आणि झोपलेल्यांना घाईने वर बोलवावं लागत नाही. त्या वाटेवर वारा बहुतेक मागूनच असणार, म्हणून बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) प्रिव्हेंटर (तो एकाएकी पलीकडे फिरू नये म्हणून लावायचा दोर) बांधल्याशिवाय मागच्या वाऱ्यावर चालायचं नाही. चुकून झालेला जाइब, म्हणजे बूमचं एकाएकी दुसऱ्या बाजूला फिरणं, डोकं फोडू शकतो.

सुकाणूचंही तसंच. आणीबाणीचा टिलर (सुकाणू हाताने फिरवायचा दांडा) बहुतेक बोटींवर एखाद्या लॉकरच्या तळाशी पडलेला असतो आणि कोणी तो लावून बघितलेला नसतो. तुम्ही तो लाटांमध्ये लावा आणि त्याच्यावर तासभर बोट चालवा. कुठे काय आडवं येतं, हाताला किती जोर लागतो, सगळं कळेल. अभिलाष टॉमी 2022 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जगप्रदक्षिणा करत असताना त्यांचं वाऱ्यावर चालणारं सेल्फ-स्टीअरिंग मोडलं. त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून त्याच्यासाठी पातं केलं आणि 2023 मध्ये दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. करवत, ड्रिल, बोल्ट आणि चांगल्या प्लायवुडचा एक तुकडा यादीत सगळ्यात वर घाला.

आणि निघण्याआधी चौघांनी मिळून निदान तीन दिवस-तीन रात्री जमीन न दिसेल इतकं बाहेर राहून या. तुम्ही एकमेकांना शनिवारी दुपारी ओळखता. तिसऱ्या रात्री तीन वाजता, ओल्या कपड्यांत, कोण कसा वागतो ते अजून तुमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. मी पहिल्या रात्रीनंतर कोणाबद्दल मत बनवत नाही. तिसरी रात्र बघते.

प्रश्न : ताई, स्टार्टला मी नेहमी दुसऱ्या रांगेत अडकतो. वेळ चुकते की जागा?

उत्तर : बहुतेक वेळा जागा. पाच मिनिटांच्या इशाऱ्याआधीच रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे बघा आणि त्याच रेघेत पलीकडच्या किनाऱ्यावरची एखादी खूण धरून ठेवा. गर्दीत प्रत्येकाला आपण रेषेवर पोहोचलो असं वाटतं, खरं तर सगळे दोन-दोन बोटी मागे असतात. ज्याच्याकडे खूण असते तो पुढे सरकतो. दुसरं म्हणजे स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजव्या बाजूने घेऊन) या, कारण पोर्टवाल्याला (वारा डाव्या बाजूने घेणाऱ्याला) वाट द्यावीच लागते. आणि तुमच्या वाऱ्याखालच्या बाजूला एका बोटीएवढी मोकळी जागा राखा. शेवटच्या काही सेकंदांत नाळ जराशी खाली पाडून वेग घ्यायला तीच जागा लागते. थांबलेली बोट घड्याळ अचूक असूनही मागेच पडते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी 24 वर्षांची आहे. हौशी क्रू घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या एका शर्यतीत ती एका टप्प्यावर जायचं म्हणते आहे. तिने याआधी फक्त तळ्यात छोट्या बोटी चालवल्या आहेत. मला तिला अडवायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही. मी काय विचारावं, कोणाला विचारावं?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशा शर्यतींत माणसं दगावली आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्याचबरोबर शिक्षिका, नर्स, बँकेतले कारकून असे कधीही समुद्र न बघितलेले लोक नीट प्रशिक्षण घेऊन महासागर पार करून आले आहेत. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले. त्यांनीच पुढे 1996 मध्ये सामान्य लोकांसाठीची क्लिपर शर्यत सुरू केली.

प्रश्न मुलीला विचारा, आणि शक्य असेल तर तिच्यादेखत स्किपरला (बोटीच्या कप्तानाला). टेदर (माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा) कधी अडकवायचा, याचा बोटीवर नियम काय आहे? ‘हवा बिघडली की’ हे उत्तर मला चालत नाही. रात्री, एकटं असताना आणि डोलकाठीच्या पुढे जाताना नेहमीच, असं उत्तर हवं. टेदरचा हूक कुठे अडकवायचा हे शिकवतात का? 2017 मध्ये अशाच एका शर्यतीत पाण्यात पडलेल्या माणसाचा हूक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, त्यावर आडवा ताण आला आणि तो वाकून उघडला. तो माणूस गेला. हूक सरळ ओढला तर मजबूत असतो, आडवा पिळला तर नाही. ही गोष्ट तिला स्वतःच्या हाताने दोर ओढून समजावून घ्यायला सांगा.

माणूस पाण्यात पडला तर परत वर कसा घेतात, ते तिने करून बघितलंय का? शोधून जवळ जाणं अर्धंच काम. भिजलेलं, गारठलेलं, काहीच मदत करू न शकणारं शरीर पाण्यातून उंच डेकवर उचलणं फार अवघड असतं. मी स्वतः सरावात पाण्यात उतरले आहे. लाइफजॅकेट फुगलेलं, हॅलियार्ड कमरेच्या पट्ट्याला लावलेला, वर दोन धडधाकट माणसं विंचवर, आणि तरी मला वर यायला सहा मिनिटं लागली. पाणी उबदार होतं. तिने हे एकदा उचलणाऱ्यांत राहून आणि एकदा पाण्यात राहून करावं.

आणि बोट सोडायची वेळ कधी, हे विचारा. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 बोटी निघाल्या, मध्येच वादळ आलं, 15 स्पर्धक गेले. 24 बोटी क्रूने सोडून दिल्या होत्या. त्यातल्या फक्त पाच बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. लाइफराफ्टमध्ये गेलेल्यांपैकी काही जण मात्र वाचले नाहीत. जो स्किपर ‘बोट पायाखालून जाईपर्यंत बोटीवरच’ असं म्हणतो त्याच्याबरोबर मी माझी भाची पाठवेन.

या प्रश्नांना कोणी हसलं किंवा घाई केली, तर त्या बोटीवर तिला जाऊ नको म्हणा. दुसरी बोट असते.

प्रश्न : मला बोट लागते. शर्यतीत दोन तास निघतात, पण लांबच्या प्रवासाचं स्वप्न सोडून द्यावं का?

उत्तर : नका सोडू. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत रुळतं, आणि तेवढे दिवस निभावता येतात. गोळी आदल्या संध्याकाळी घ्या; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. कोणती गोळी किंवा कानामागची पट्टी हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि आधी जमिनीवर एक दिवस घेऊन बघा, कारण काहींना त्याने गुंगी येते किंवा नजर धूसर होते. निघण्याच्या दिवशी खाली केबिनमध्ये करायचं कुठलंही काम शिल्लक ठेवू नका : नकाशा, बॅगा, रात्रीचे गरम कपडे, सगळं आधीच हाताशी. गारठा आणि रिकामं पोट दोन्ही टाळा.

जांभया यायला लागल्या, बोलणं कमी झालं की सुरुवात झाली असं समजा आणि सुकाणू मागून घ्या. चालवणाऱ्याला सहसा कमी लागते, कारण नजर क्षितिजावर असते आणि पुढची लाट अंगाला आधी कळते. तेही जमेनासं झालं तर बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूच्या बंकवर डोळे मिटून आडवे पडा आणि पाण्याचे घोट घेत राहा. एक गोष्ट स्किपरला निघण्याआधीच सांगून ठेवा. तुमची पहिली पाळी दिवसाची हवी, आणि ओकायला वाऱ्याखालच्या कठड्याकडे जाताना टेदर अडकवलेला असलाच पाहिजे. वाकलेला, दमलेला माणूस तिथूनच पाण्यात जातो. माझ्या बोटीवर त्यासाठी एक बादली कॉकपिटमध्येच बांधलेली असते, आणि ती वापरल्याबद्दल कोणी कोणाला काही बोलत नाही.